सगळ्या केंद्रांना

सोमवार, ४ मार्च
...कपडे पिळून दोरीवर टाकले होते. दूध उतू जाता जाता वाचवलं. झाडता झाडता रेडिओला जोडलेल्या पडद्याकडे सहज बघितलं. नव्या बुलेटिनांत, सगळ्या केंद्रांना जाणाऱ्या संदेशांत, ह्यांचं नाव! ह्यांना जाऊन वर्ष होत आलं. "एक जादा हेडफोन हवा. घरात ऐकणारं आणखी एक माणूस आहे."
एवढी थट्टा? सेटची जोडणी घड्याळजींनी केलेली, ह्यांच्या मित्राने. त्यांचंच काम! तशीच बसले आणि लिहिलं – 'घड्याळजी मेलेल्या माणसाच्या नावाने संदेश टाकतात. लाज वाटायला हवी.' पत्ता – सगळी केंद्रं.
ही कालची गोष्ट. आज वाटतंय, घाई केली.

मंगळवार, ५
टेकडीवरचं केंद्र सांभाळणाऱ्या मास्तरांचा निरोप, फक्त मला. "बाई, आमचं यंत्र वर्षभर बंद होतं. परवा दुरुस्त झालं, तसं आत अडकलेलं सगळं पुढे गेलं. तुमच्या यजमानांनी संदेश कधी पुसला जावा याची मुदत घातली नव्हती, म्हणून जुनं बुलेटिन आत्ता निघालं. आणि भांडण एकाशी, तर एकालाच लिहावं. चव्हाट्यावर कशाला?"
म्हणजे ह्यांनीच लिहिलेलं. जिवंतपणी! विजेच्या बिलाची मुदत विसरायचे, तशी हीही.
ऐकणारं माणूस – मी. झाडू हातात धरून ह्यांच्या मागे उभी राहायचे. ह्यांना कळत होतं तर!
मी मात्र मुदत न चुकता घातली. महिनाभर. माझी घाण महिनाभर फिरणार.

बुधवार, ६
परत घेता येत नाही. एका केंद्राने दुसऱ्याला दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याला. तीन पडदे भरून माफी लिहिली आणि आधी मास्तरांना दाखवली. "हे तुमचं मन हलकं करायला झालं, बाई. रेडिओची वाट अरुंद आहे, एवढं लांबलचक कुणी वाहायचं? दुरुस्ती एका ओळीची. पण आधी त्यांना विचारा. नाव त्यांचं गेलंय."
रेडिओच्या परवान्याच्या परीक्षेसाठी हेच नियम मी घोकले होते.

गुरुवार, ७
रोज सकाळी घड्याळजींचं "वहिनी, आहात का?" असं पडद्यावर यायचं. रविवारपासून नाही.
दुकानापर्यंत गेले. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून वाकलेले. गिऱ्हाईक म्हणत होतं, "काय हो, मेलेल्यांचे निरोपही पोचवता म्हणे!" त्यांनी मान वर केली नाही.
पायरीवरूनच परतले. भित्री!

शुक्रवार, ८
गेले. "चुकले, भाऊजी."
त्यांनी भिंग उतरवून ठेवलं. मग खण उघडला. हेडफोन! वेष्टनही काढलेलं नाही.
"त्याने माझ्याकडेही मागितला होता, वहिनी. द्यायला आलो, तर दारात माणसं जमलेली. नंतर धीर झाला नाही."
"सगळ्यांना काय लिहू?"
"चूक माझी होती, एवढंच. आणि मुदत घाला. माझी बदनामी आहे तोवरची."
घरी येऊन ती ओळ पाठवली. मग दुसरी, त्यांना एकट्यांना – 'भाऊजी, आहात का?'
त्यांनी दिलेला हेडफोन कानाला लावून पडद्यासमोर बसले.