चौदा कागदी घोडे

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पशुवैद्यकीय कचेरीत बसून तू टाइप केलेली नोटीस काल आमच्या गल्लीत चिकटली. चौदाही घोड्यांचं रक्त तपासलं, ग्लँडर्स हा घोड्यांचा रोग कुणाला नाही, घाबरण्याचे कारण नाही. वाचल्याबरोबर सगळी गल्ली घाबरली. सुई घेऊन इकडे कुणी फिरकलेलंच नाही! शिवाय चौदावा घोडा गाडीवाल्या काकांचा, तो जाऊन दोन वर्षं झाली. तुमच्या साहेबांनी त्यालाही ठणठणीत ठरवलंय. तो परत कधी मिळेल, असं काकांनी विचारलंय. सरकार कागदी घोडे नाचवतं हे ऐकून होतो, मेलेलेही नाचवतं हे नवीन.

नाल ठोकायला जाईन तिथे लोक मलाच झाडतात, की तुझी ताई तिथे असून असं कसं.

आपल्या घोडीला, मास्तरीणबाईंना, जरा सर्दी आहे, नाक वाहतंय. पण कचेरीत बोलू नकोस. रोग निघाला तर घोडं मारतात, हे सगळ्यांना माहीत आहे. ज्यांनी न बघता मेलेल्याला जिवंत ठरवलं, ते न बघता माझ्या घोडीला मारतील.

लोभ असावा, फक्त टाइप केलेला नको.

तुझा,
धाकटा

६ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हसत हसत वाचत होते आणि ‘सर्दी’पाशी हसू गेलं.

साहेबांनी जुनी यादी पुढे केली आणि मी काही न विचारता टाइप केली. चूक माझीही आहे. आज त्यांना मेलेल्या घोड्याचं विचारलं, तर म्हणाले की लोकांना धीर द्यायचा होता. मी सांगितलं की धीर पोचला, आता निदान सुई पाठवा.

आता नीट ऐक. हा रोग माणसालाही लागतो. तू तिच्या नाकाला नाक लावून गप्पा मारतोस, मला ठाऊक आहे. तेवढ्या गप्पा एखाद्या मुलीशी मारल्या असत्यास तर एव्हाना लग्न झालं असतं. घोडीला वेगळी बांध, तोंडाला फडकं लाव, हात साबणाने धू आणि तोवर दुसऱ्या कुणाच्या घोड्याला हात लावू नकोस. कचेरीतल्या डॉक्टरीणबाईंना मी स्वतः घेऊन येते, तुझंही रक्त घ्यायला लावते.

आशीर्वाद आहेतच, पण साबणाचं काम ते करत नाहीत.

तुझी,
ताई

९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

या. पण रक्ताच्या बाटलीवरचं नाव तू हाताने लिहायचं आणि निकालही हाताने लिहून पाठवायचा. टाइप केलेल्या ‘नाही’वर गल्लीचा विश्वास उरलेला नाही, माझाही नाही.

तुझं अक्षर म्हणजे कोंबडीने शाईत पाय बुडवून घातलेली शतपावली. तुझं ‘आहे’ आणि ‘नाही’ घरात कुणाला कधी वेगळं ओळखता आलं नाही. म्हणून तर कचेरीने तुला मशीन दिलं. पण ते अक्षर कधी खोटं बोललं नाही, हे मात्र कबूल करतो.

मास्तरीणबाईंना वेगळं बांधलंय, त्या रुसल्यात. बाबांनी मला नाल ठोकायला तिच्याच पायावर शिकवलं. माझे पहिले वाकडेतिकडे नाल तिने निमूट सोसले. तिला काही झालं तर मी काय करेन, मला खरंच कळत नाही, ताई.

तुझा,
धाकटा

२१ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हाताने लिहिते आहे. तुला वाचता यावं म्हणून तीन कागद फाडले.

मास्तरीणबाईंना ग्लँडर्स आहे. मी हट्ट धरून दुसऱ्या प्रयोगशाळेतही रक्त पाठवायला लावलं. दोन्हीकडे तेच आलं. याला औषध नाही. शनिवारी डॉक्टरीणबाई इंजेक्शन देतील. तिला दुखणार नाही, हे त्यांना तीनदा विचारून मग लिहिलंय.

तुझं रक्त स्वच्छ आहे. ते वाचून मी कचेरीत सगळ्यांसमोर रडले. साहेबांनी पाणी आणून दिलं, त्यांच्या हातून या महिन्यात झालेलं पहिलं उपयोगी काम.

नवी नोटीसही मीच हाताने लिहिली. आधीची खोटी होती, कुणाचीही तपासणी झाली नव्हती आणि पहिली रोगी घोडी टाइपिस्टबाईंच्या भावाची आहे, असं त्यात आहे. साहेबांनी घाम पुसत सही केली.

शनिवारी मी येते. एकटा उभा राहू नकोस.

तुझी,
ताई

२८ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू त्या दिवशी लगाम माझ्याबरोबर धरलास, म्हणून माझ्याने उभं राहवलं.

काल डॉक्टरीणबाईंनी टेबल मांडायच्या आत उरलेले बाराही घोडे गल्लीत रांगेला होते. टाइपिस्टबाईंनी सख्ख्या भावाची घोडी लपवली नाही, मग आता तपासायला हरकत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं. गाडीवाले काका नुसता लगाम घेऊन रांगेत उभे राहिले. यादीतलं त्यांच्या घोड्याचं नाव तू स्वतःच्या हाताने खोडावंस, असा निरोप आहे.

तुझं ते पत्र मी चार वेळा वाचलं. ‘आहे’च्या जागी ‘नाही’ लागतं का ते बघत होतो. तुझ्या अक्षरात एरवी हमखास लागतं. जन्मात पहिल्यांदा तुझं अक्षर स्वच्छ आलं, ताई, आणि मला नेमकं कोंबडीचंच हवं होतं.

लोभ असू दे. अक्षर पुन्हा बिघडू दे.

तुझा,
धाकटा