ओल्या-सुक्याचा संयुक्त ठराव

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा नमस्कार (कंबर वाकते तितकाच). भावोजींच्या गुडघ्याला उतार पडला असेल, तुझा खोकला गेला असेल आणि सूनबाईंशी तुझं बोलणं पुन्हा सुरू झालं असेल, अशी आशा करतो. तिन्हींपैकी दोन गोष्टी झाल्या असल्या तरी पुष्कळ. आमच्याकडे सर्व कुशल. सर्व म्हणजे आम्ही दोघं. प्रार्थनाभवनाचं तू विचारलेलं नाहीस, म्हणून न विचारता सांगतो.

आमच्या भवनात सभागृह एक, स्वयंपाकघर एक आणि मंडळं दोन. सकाळचं मंडळ गातं, संध्याकाळचं गप्प बसतं. सकाळच्यांचे प्रमुख निवृत्त शाळामास्तर. त्यांना सगळे खर्जमास्तर म्हणतात, कारण त्यांचा आवाज लागला की कपाटातल्या बश्या वाजतात. संध्याकाळच्यांच्या प्रमुख नर्सबाई. त्यांनी इस्पितळात चाळीस वर्षं ‘हळू बोला’ म्हणण्यात काढली, आता मुळी बोलूच देत नाहीत. मी सकाळचा. तुझी भावजय लग्नानंतर काही वर्षं माझ्या शेजारी उभी राहून गायली आणि मग संध्याकाळच्यांत गेली. कारण विचारलं तर म्हणाली, “दिवसातला एक तास तरी तुमचा आवाज नको.” दोन्ही मंडळं देव एकच मानतात, फक्त एकमेकांना मानत नाहीत.

तर गेल्या वर्षी दोघांच्याही डोक्यात एकदमच पर्यावरण शिरलं. संयुक्त समिती झाली आणि मला अध्यक्ष केलं. मी कुणाच्याच बाजूने बोलत नाही, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत झालं. (पोस्टाच्या खिडकीमागे तीस वर्षं काढली की माणसाचं असंच होतं.) आधी आम्ही सभागृहात आपोआप विझणारे दिवे बसवले. पाच मिनिटं कुणी हललं नाही की दिवे जातात, हललं की येतात. सकाळच्यांना काही फरक पडला नाही, ते हातवारे करूनच गातात. संध्याकाळचे मात्र डोळे मिटून बसले की पाच मिनिटांत काळोख. पहिल्या दिवशी चौघांना वाटलं, समाधी लागली. पुढे असं व्हायला लागलं की उजेड झाला म्हणजे कोणीतरी हललं, आणि ते कोण हे सगळे डोळे किलकिले करून शोधायचे. शांतीच्या नावाखाली इतकी हेरगिरी मी पोस्टातसुद्धा पाहिली नव्हती.

पण हे काहीच नाही. खरा घोळ मागच्या अंगणात झाला. ओल्या-सुक्या कचऱ्याचं खत करायचं ठरलं. मंडळं दोन, म्हणून डबे दोन. सकाळचे गाऊन दमतात आणि पोटभर खातात, त्यामुळे त्यांच्या डब्यात साली, चहाचा चोथा, उष्टं-खरकटं. संध्याकाळचे काही खात नाहीत, पण सेवा म्हणून अंगण झाडतात, त्यामुळे त्यांच्या डब्यात नुसती वाळकी पानं. महिन्याभरात सकाळच्या डब्याला घाण सुटली, अळ्या पडल्या. संध्याकाळच्या डब्यातली पानं टाकली तशीच्या तशी. माळ्याला बोलावलं. त्याने दोन्ही झाकणं उघडून पाहिली आणि म्हणाला, “ओल्यात सुकं घाला. एकट्याने खत होत नसतं.” उपाय इतका सोपा होता, म्हणूनच आम्हाला पुढचे दोन महिने लागले.

बैठकीत खर्जमास्तर म्हणाले, “आमच्या सालींत यांची पानं पडली, तर खत कुणाचं म्हणायचं?” नर्सबाई म्हणाल्या, “आमची पानं मौनात झाडलेली आहेत. ती तुमच्या उष्ट्यात जाणार नाहीत.” शेवटी ठराव झाला की तत्त्वाचा निकाल लागेपर्यंत कुणीही दुसऱ्याच्या डब्याला हात लावू नये, लावेल त्याने भवनाची पायरी चढू नये. तो ठराव माझ्याच अक्षरात आहे. माशांना मात्र ठराव लागू नव्हता. त्या अंगणातून सभागृहात आल्या आणि संध्याकाळच्यांच्या नाकांवर निवांत बसू लागल्या.

एका मंगळवारी दुपारी मी वासाची नोंद घ्यायला गेलो. (त्यासाठी उपसमिती होती. रकाने तीन: सौम्य, मध्यम आणि असह्य.) पाहतो तर तुझी भावजय बाह्या सरसावून फावड्याने पानं ओल्या डब्यात लोटते आहे. शेजारी स्टुलावर खर्जमास्तरांची आई, वय ब्याऐंशी, काठीने दाखवते आहे की इथे कमी पडलं, तिथे घाल.

“हे काय चाललंय?” मी म्हणालो.

“खत.”

“अगं, ठराव आहे.”

“मग अळ्यांना वाचून दाखवा.”

म्हातारी म्हणाली, “अध्यक्ष, उभेच आहात तर ते पानांचं दुसरं पोतं इकडे द्या.”

ताई, मी दिलं.

काही आठवड्यांत वास गेला आणि डब्यात काळंभोर, भुसभुशीत खत तयार झालं. लगेच संयुक्त बैठक बोलावली गेली. आनंदाची नव्हे, चौकशीची. खर्जमास्तरांनी विचारलं, “हे कोणी केलं?” त्यांची आई पहिल्या रांगेत झोपेचं सोंग घेऊन बसली होती. तुझी भावजय माझ्याकडे बघत होती. रागाने नाही, विनवणीनेही नाही. हा आता काय करतो, एवढंच बघत होती. कुणी जागचं हललं नाही. पाच मिनिटं झाली आणि दिवे गेले.

तीस वर्षं मी लोकांना ‘पुढच्या खिडकीवर जा’ म्हणत आलो. त्या काळोखात म्हणालो, “मी केलं.” सगळे एकदम माझ्याकडे वळले, त्यामुळे लख्ख उजेड झाला.

त्यांना मला काढता येईना, कारण दोघांना चालेल असा दुसरा माणूस कुठून आणणार? तासभर वाद घालून ठराव झाला की अध्यक्षांनी केलेला गुन्हा गंभीर आहे, सबब त्यांनी तो दर मंगळवारी दोन्ही प्रमुखांच्या देखरेखीखाली पुन्हा करावा. घरी येताना ही एरवी दोन पावलं पुढे चालते, ती त्या दिवशी बरोबरीने चालली.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. खत कुणाचं, हा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यामुळे ते भवनाच्या बागेत घालता येत नाही. कुठल्याच मंडळात नसलेल्या माणसाच्या जमिनीत घालावं, असं ठरलं आहे. तुझं परसू आठवलं. सहा पोती आज सकाळीच टेम्पोने निघाली. पत्राच्या आधी पोचली असतील, तर तू जे काही बोलली असशील त्याबद्दल माझा राग नाही.

ता. क. दुसरा. पोच दोन वेगवेगळ्या कागदांवर लिही. प्रत्येक मंडळाला ‘आपली तीन पोती मिळाली, दुसऱ्यांच्यापेक्षा सरस आहेत’ असं.

ता. क. तिसरा (हे मी लिहिते आहे, वन्सं, ते पाकीट आणायला गेलेत). पोती सहा नाहीत, अकरा आहेत. दोरीऐवजी चिंधीने बांधलेलं पोतं घराजवळ उघडू नका. ते ह्यांनी एकट्याने केलेलं आहे.