चौदा एप्रिलपर्यंत कार्बोरेटर

२९ मार्च, सकाळी ९
आई जाऊन अडीच महिने झाले. बाबा बोलत नाहीत. कारण मी शोधले आहे: त्यांची राजदूत मोटरसायकल बंद आहे. आईच्या आजारपणात ती सहा महिने अंगणात उभी राहिली. पेट्रोल उडून गेले आणि कार्बोरेटरमध्ये डिंकासारखा थर साचला. गाडी नाही म्हणून बाहेर जाणे नाही, बाहेर जाणे नाही म्हणून बोलणे नाही. साधी साखळी आहे.
उपाय: कार्बोरेटर खोलून साफ करणे, सील बदलणे. दोन दिवसांचे काम. चौदा एप्रिलच्या रॅलीत बाबा दरवर्षी हीच गाडी चालवतात, अख्खे मोताळा गाव ओळखते. यंदाही चालवतील.
यात भावनेचा भाग नाही. मी पंपांच्या कारखान्यात क्वालिटी तपासते.

२९ मार्च, संध्याकाळ
खोलला. स्लो जेटचे, म्हणजे पेट्रोल जाण्याचे, बारीक भोक पूर्ण बंद. बाबा खुर्ची ओढत जवळ आले. "मी धरतो, तू खोल," म्हणाले. मी सांगितले, पेट्रोलच्या वाफा आहेत, दीड मीटरवर बसा. बसले.
बाबांची आजची वाक्ये: चार. गेल्या आठवड्याची सरासरी दोन. निदान बरोबर आहे.

३१ मार्च
वायरमधली तांब्याची एक तार काढून जेट साफ केला, मग हवा मारली. पेट्रोलवर तरंगणाऱ्या फ्लोटची उंची व्हर्नियरने मोजली. दोन दिवस संपले, पण रविवार धरायचा नसतो.
बाबा म्हणाले, जेट तोंडात धरून फुंक, जिभेले बरोबर समजते. मी म्हटले, जिभेला लीस्ट काउंट नसतो. हसले नाहीत. विनोद चांगला होता.
वाक्ये: सहा.

२ एप्रिल
जोडला. खालच्या वाटीच्या कडेने गळतो. सांध्यातले गॅस्केट आखडले आहे.
बाबा आत गेले आणि धुण्याच्या साबणाचा तुकडा घेऊन आले. "हे घास. मेहकरच्या रस्त्यावर टाकी गळाली होती, तं तुह्या मायनं पिशवीतला साबण काढला. मले म्हणे, सरका बाजूले. मंग तिनं..."
मी म्हटले, नंतर सांगा, हात पेट्रोलमध्ये आहेत. साबण बाजूला ठेवला. ही पद्धत कुठल्याही मॅन्युअलमध्ये नाही.
वाक्ये: नऊ. उच्चांक. गाडी सुरू होण्याआधीच एवढी प्रगती, म्हणजे सुरू झाल्यावर काय होईल!

३ एप्रिल
वाटीला सिलिकॉन सीलंट लावले. ट्यूबवर २६० अंशांपर्यंत टिकते असे लिहिले आहे. कार्बोरेटर साठच्या वर जात नाही. चौपटीहून जास्त सुरक्षित.
बाबांनी विचारले, मी काही करू का? मी म्हटले, आराम करा.
वाक्ये: पाच.

५ एप्रिल
सुरू झाली! चाळीस सेकंद. मग बंद. नंतर अठ्ठावीस किका, काही नाही. पेट्रोलमध्ये ऑइलचे प्रमाण चुकले असावे. बाबांनी मिसळले होते.

६ एप्रिल
प्रमाण बरोबर होते.
कार्बोरेटर बसस्टँडजवळ जीवनच्या गॅरेजला नेला. तो शाळेत माझ्या वर्गात होता. उघडून म्हणाला, "समता, ह्यात जेली कोणं टाकली वं? पेट्रोलमधी सिलिकॉन फुगते, हे तं पंक्चरवाल्यालेही माहीत हाये. तू इंजिनिअर हायेस ना?" मी सांगितले, तापमान मी अचूक वाचले होते. तो खूप वेळ हसला.
मग म्हणाला, "दयारामकाकाले काऊन नाही आणलं? आमी सारे त्यायच्याच हाताखाली शिकलो." मी म्हटले, बाबांना त्रास नको. हे काम त्यांच्यासाठीच चालू आहे. जीवनला एवढी साधी गोष्ट समजत नाही.
रजा आठ दिवस वाढवली. कारण: तांत्रिक.
वाक्ये: तीन.

१० एप्रिल
खामगावहून सील-किट आले. सगळे ओ-रिंग, नवीन गॅस्केट, फ्लोटची सुई. दिवसभर काम केले. बाबा आतच होते. खुर्ची मध्ये येत नसल्याने जागा मोकळी मिळाली, वेग वाढला.
वाक्ये: एक. "चहा ठेवला." कार्बोरेटर सुधारतो आहे तशी वाक्ये कमी होत आहेत. काळजी मिटल्याने असेल.

१३ एप्रिल, सकाळी ७
वाटीखाली रात्रभर वर्तमानपत्र ठेवले होते. कोरडे. गळती शून्य.
पहिल्या किकला सुरू. आवाज एकसारखा. हवेचा स्क्रू दीड आट्यावर.
बाबांना मेहकरच्या रस्त्यावरच्या साबणाची गोष्ट विचारली. आता माझे हात मोकळे होते. "जाऊ दे," म्हणाले.
उद्या चालवतील.

१४ एप्रिल
गाडी पुसली, हँडलला निळा झेंडा बांधला. चौकातून डीजेचा आवाज येत होता. बाबा इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून बाहेर आले. मी किक मारली. पहिल्यालाच सुरू. दारावरून माणसे जात होती, कुणीतरी "जय भीम, काका, चला लवकर!" अशी हाक मारली.
बाबा गाडीजवळ आले. मागच्या सीटवर हात फिरवला. धूळ नव्हती, मी पुसली होती.
"मागं कोण बसन?" म्हणाले.
मी सांगितले, एकट्याने चालवली तर मायलेज वाढते.
बाबांनी मान हलवली. वाकून पेट्रोलचा कॉक बंद केला आणि हँडल धरून तिथेच उभे राहिले. वाटीतले पेट्रोल संपेपर्यंत इंजिन चालत होते. मी घड्याळ लावले. तीन मिनिटे दहा सेकंद.
एवढ्या वेळात मला मागच्या सीटवर जाऊन बसता आले असते.