बाहीतला धूर

कलकत्ता,
६ जुलै १९७४

चि. लीना,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, तिकडचं कळवावं, असं लिहायची रीत आहे. पण सकाळपासून तिसऱ्यांदा कागद पुढ्यात घेतोय आणि उठून गॅलरीत जातोय, तेव्हा ठीक कसं म्हणू?

तुझं पत्र आलं. "बाबा, तुमच्या घरी आले की मला दम लागतो. या दिवसांत दम्याचा झटका यायला नको, असं डॉक्टर म्हणतात. बाळंतपण इथे नागपूरलाच करू या. सासूबाईंची हरकत नाही." एरवी तुझ्या पत्रात चार ओळींनंतर बंगाली घुसतं. या पत्रात एकही शब्द अडखळलेला नाही. आधी कच्चं लिहून मग पक्कं केलं असणार. त्याचंच जास्त लागलं.

पहिलं बाळंतपण माहेरी. तुझी आई असती तर यावर बोलणंच झालं नसतं. ती नाही म्हणून माहेर नाही, असं नागपूरला कुणी म्हणायला नको. म्हणून ऐक. मी सिगारेट सोडली.

हसू नकोस. या वेळी नुसता निश्चय नाही, औषध आहे. डॉक्टर सान्यालांकडे गेलो. त्यांनी छाती तपासली, माझी पिवळी बोटं उलटीपालटी करून पाहिली आणि गोळ्या लिहून दिल्या. रानतंबाखूसारख्या कुठल्याशा झाडाच्या आहेत म्हणे. शरीराला वाटतं तंबाखू मिळाली, आणि ते गप्प बसतं. माझं शरीर अजून पुरतं फसलेलं नाही. गोळीने मळमळतं, जीभ चुरचुरते. ऑफिसात चहा चाखून झाल्यावरच गोळी घ्यायची, असं ठरवलंय.

"तोंडात बडीशेप ठेवा, वेलदोडा ठेवा," डॉक्टर म्हणाले.

म्हटलं, "डॉक्टरबाबू, मी चहा चाखणारा माणूस. तोंडात वेलदोडा ठेवला तर दार्जिलिंगचासुद्धा खिरीसारखा लागेल."

"मग हातांना काम द्या," म्हणाले. "सिगारेट निम्मी हातातच असते."

बेहालाच्या मालतीमावशीला हे सांगितलं. तुझ्या आईची मैत्रीणच ती, गप्प थोडीच बसणार? दुसऱ्या दिवशी सुई, दोरा आणि तिच्या जुन्या मऊ साड्या घेऊन हजर. "भावोजी, बाळाला दुपटी लागतील. शिवा." आता जेवणानंतर मी दुपटं शिवतो. टाका इतका वाकडा येतो की मावशी म्हणाली, "ही तर ट्रामची लाइन दिसतेय, खिदिरपूरला वळलेली." ऑफिसातून निघाल्यावर ट्रामच्या थांब्यावर उभं राहिलं की हात खिशात जातो, म्हणून एस्प्लनेडपासून घरापर्यंत चालतच येतो. पाऊस असला तरी.

तेव्हा आता अडचण उरली नाही. जावईबापूंना, श्रीकांतरावांना, पोचवायला रजा मिळते का ते विचारून कळव. नाहीतर मी नागपूरपर्यंत घ्यायला येईन.

तुझा,
बाबा


कलकत्ता,
२५ जुलै १९७४

चि. लीना,

"बघू," एवढंच लिहिलंस. ठीक आहे. बघ. मात्र फार दिवस गेले तर प्रवास झेपणार नाही, हेही बघ.

ऑफिस नेहमीसारखंच चाललंय. हंगाम भरात आहे, आसाम आणि डुआर्सच्या बागांतून नमुन्यांचे डबे येऊन पडताहेत. नेहमीसारखंच.

तुझ्या खोलीला चुना लावायचा म्हणून रंगारी बोलावला होता. भिंतीवर तळहात ठेवून म्हणाला, "बाबू, आत्ता लावला तर दुर्गापूजेपर्यंत ओला राहील." मी त्याच्यावर ओरडलो. बिचाऱ्याने पाऊस आणला नव्हता. हल्ली मी कुणावरही ओरडतो. मालतीमावशीवरही ओरडलो, ती पडदे काढून धुवायला न्यायला आली होती तेव्हा. "पडद्यांना काय झालंय?" म्हणालो. तिने पडदा माझ्या नाकासमोर धरला आणि घडी घालून पिशवीत टाकला.

माझा ऑफिसचा ड्रिलचा कोट बासनवालीला देऊन टाकला. त्यावर एक पातेली आली. का दिला ते विचारू नकोस.

दुपटी चार झाली. झोप येत नाही, भूक मात्र राक्षसासारखी लागते. वीज जाते तेव्हा अंधारात हातांना काही करता येत नाही, ते सगळ्यांत वाईट. गॅलरीत फेऱ्या घालतो. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी विचारलं, "दादा, वर कुणी आजारी आहे का?"

तुझा निर्णय लवकर कळव. मी एवढं करतोय ते कशासाठी, हे तुला ठाऊकच आहे.

बाबा


कलकत्ता,
११ ऑगस्ट १९७४

चि. लीना,

तुझं पत्र काल आलं. "बाबा, एका पत्रात दोनदा 'नेहमीसारखंच' लिहिलंत. ऑफिसात काय झालं? आणि कोट का दिलात?" तू लहानपणीही अशीच होतीस, झाकलेलं भांडं आधी उघडायचीस.

सांगतो.

डुआर्सच्या एका बागेचा चहा माझ्याकडे आला. पांढऱ्या पेल्यांची ओळ मांडलेली. चमचा ओठाशी नेला, चहा सुर्रकन ओढला, तोंडात फिरवला, थुंकला. धुरकट. चहा वाळवायच्या भट्टीला कुठे फट असली की धूर पानाला लागतो आणि असा चहा लिलावात मागे पडतो. पुढचा पेला, तोही धुरकट. मी तसा शेरा मारून बागेला कळवलं. मनात खूशही झालो. म्हटलं, सिगारेट सुटली, जीभ कशी धारदार झाली बघा.

माझ्या शेऱ्यावर बागवाल्यांनी ऐन हंगामात भट्टी बंद ठेवून तपासली. फट नव्हती. मॅनेजर तणतणत कलकत्त्याला आला. आमच्या मोठ्या साहेबांनी, नीहारबाबूंनी, तोच चहा पुन्हा मांडायला सांगितला. त्यांनी चाखला, आणखी दोघांनी चाखला. स्वच्छ. मी चाखला, तर धुरकट! मी हट्टाने पुन्हा चमचा उचलला. नीहारबाबूंनी माझा हात वरच्या वर धरला, वाकून माझ्या बाहीचा वास घेतला आणि हळूच म्हणाले, "धोंआ चाये नेई दिनकरबाबू, आपनार कोटे."

धूर चहात नव्हता, माझ्या कोटात होता. चमचा तोंडाशी नेला की बाही नाकाखाली येते. पावसाळी हवेने वर्षानुवर्षांचा धूर कापडातून वर आला होता. इतकी वर्षं मला तो कळला नव्हता, कारण मीच त्यात होतो.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. मॅनेजरने फक्त विचारलं, "या बाबूंच्या जिभेवर आमची बाग चालायची का?" नीहारबाबूंनी मला थोडे दिवस चाखण्याच्या खोलीऐवजी गोदामाकडचं काम पाहायला सांगितलं. अजून तिकडेच आहे.

त्या संध्याकाळी चालत निघालो. एस्प्लनेडच्या कोपऱ्यावर पानवाल्याकडे काथ्याचा दोर जळत लटकलेला असतो. त्या दोरावर सिगारेट पेटवली. मग पाकीटच घेतलं. ते संपेस्तोवर मैदानात बसून राहिलो. म्हणजे मागचं पत्र मी लिहिलं तेव्हा सिगारेट सुटलेली नव्हती, लीना. पडदे न्यायला मालतीमावशी आली तेव्हा माझ्या तोंडाला वास होता, आणि तिला तो आला होता.

तिनेच मला पुन्हा सान्यालांकडे ढकललं. डॉक्टर रागावले नाहीत. म्हणाले, "होतं असं. गोळ्या परत सुरू करा. पण एक सांगा, सोडायची कशासाठी?"

"मुलगी बाळंतपणाला यावी म्हणून."

"आर मेये जदि ना आशे?"

मुलगी आलीच नाही तर?  उत्तर मला ठाऊक होतं. तू नाही म्हणालीस तर मी दवाखान्याच्या पायरीवरच पेटवली असती. आणि वर म्हटलं असतं, मी सोडली होती, पोरीने किंमत ठेवली नाही. तुला मागच्या पत्रात तेच तर लिहिलं मी. 'कशासाठी ते तुला ठाऊकच आहे.' पोटुशी मुलगी, तिला श्वास पुरत नाही, आणि तिच्या गळ्यात मी माझी सिगारेटही बांधली.

तेव्हा आता डॉक्टरांना दुसरं उत्तर देऊन आलोय. मी सकाळी उठतो तेव्हा खोकल्याने वाकतो. गोदामाचा जिना चढताना धरून चढतो. मला नातवंडाला उचलून मैदानात न्यायचंय, ते कलकत्त्याचं असो की नागपूरचं. एवढं पुरे. गोळ्या चालू आहेत. दुपटी चालू आहेत. काल दिवसभर नाही ओढली, आज आत्तापर्यंत नाही. उद्याचं काही लिहीत नाही.

घराचं खरं सांगतो. पडदे धुतले, गाद्या उन्हात टाकल्या, ऊन आलं तेव्हा. तरी गोदामातून घरी येऊन दार उघडलं की मला आता वास येतो. भिंतीत आहे, कपाटात आहे, पुस्तकांत आहे. तू दर वेळी खिडकी उघडून बसायचीस आणि मी म्हणायचो, पाऊस आत येतोय, लाव ती. या घरात तू या दिवसांत येऊ नयेस. हे मीच म्हणतोय.

मालतीमावशीने बेहालाची पुढची खोली रिकामी केली आहे. तिचे यजमान श्यामराव आयुष्यात कधी ओढले नाहीत, मागे अंगण आहे, दोन गल्ल्या सोडून प्रसूतिगृह आहे. मी म्हटलं, "लोक म्हणतील, बाप असताना मुलगी परक्याच्या घरी बाळंत झाली." मावशी म्हणाली, "भावोजी, लोकांना दम लागत नाही, लीनाला लागतो. आणि परकी कोण हो? तिच्या आईच्या डोहाळेजेवणाला पुरणपोळ्या मी लाटल्यात." मग म्हणाली, "तुम्ही रोज या. दारात मी वास घेईन. आला तर परत पाठवीन, बापबीप काही ऐकणार नाही."

मी कबूल झालो आहे.

पण तुला नागपूरलाच राहावंसं वाटत असेल तर तेही योग्यच आहे. रुसून लिहीत नाही. सासूबाईंना माझा नमस्कार सांग, आणि सांग की त्यांनी हरकत घेतली नाही याचा मला राग आला होता, आता आभार मानतो. मग मी तिकडे येईन. तुमच्याकडे उतरणार नाही, स्टेशनाजवळ कुठेतरी उतरेन. आंघोळ करून, धुतलेले कपडे घालून दाराशी उभा राहीन. तू म्हणालीस तर आत येईन. नाही म्हणालीस तर खिडकीतून बाळ दाखव. तेवढ्यावर परत जाईन, आणि परतीच्या वाटेवर ओढणार नाही.

तू ठरव. सावकाश ठरव. श्वास पुरेल तिथे राहा.

तुझ्याकडे या वेळी काही न मागणारा,
तुझा बाबा