जर्मेनसाठी चेरीची बिअर

ब्रसेल्स, विस्कॉन्सिन
२८ जुलै १९८३

ती. क्लॅरिसताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा गुडघा कसा आहे? इकडे चेऱ्या उतरवून झाल्या. जर्मेनच्या घशाच्या कॅन्सरपुढे मात्र डॉक्टरांनी हात टेकले. विजेचे शेक बंद, आता दुखणं कमी करायचं औषध तेवढं. परवा तुझी ही भावजय म्हणाली, या वर्षी सप्टेंबरात कर्मिसच्या जत्रेला तुझ्या हातची चेरीची बिअर प्यायची आहे. किती महिन्यांनी काही मागितलं गं तिने!

मी लगेच बिअर आंबायला टाकली आणि चेरीचा गर तसाच कच्चा, बरणीच्या गळ्यापर्यंत ओतला. सकाळी बूच उडालेलं, तळघराचं छत लालभडक. जर्मेन हसली आणि मग बराच वेळ खोकत राहिली. दुसरी बरणी अजून बिनफळाची आहे. आई गर कसा घालायची, ते सविस्तर कळव.

तुझा,
नॉर्बर्ट

टूसॉन, ॲरिझोना
३ ऑगस्ट

चि. नॉर्बर्टास,
अ. उ. आ.

साठी उलटली तरी घाई जात नाही तुझी! लहानपणी केक भट्टीतून अर्ध्यातच काढून बघायचास, तसंच हे. बिया काढ, गर मंद आचेवर वाफ येईपर्यंतच तापव. उकळलास तर बिअर गढूळ होईल. पार निवू दे. बिअरचा पहिला फेस बसला की मोठ्या बरणीत आधी गर घाल, वरून बिअर सोड, आणि वर चांगली वीतभर जागा ठेव. फळातली साखर पुन्हा आंबते, तिला जागा लागते.

पाय धड असता तर मीच आले असते. जर्मेनला माझा पापा दे.

तुझी काळजी करणारी,
क्लॅरिस

ब्रसेल्स
१० ऑगस्ट

ती. वन्सं,
सा. न. वि. वि.

नॉर्बर्ट गर तापवतोय, घरभर वास सुटलाय. तेवढ्यात लिहून घेते. वन्सं, माझ्या घशाखाली आता पाणीही उतरत नाही. तो खाली असला की नर्स पोटातल्या नळीतून देते, ते मी त्याला कळू देत नाही. सूप पोटभर झालं म्हणते. बिअर मागितली ती प्यायला नव्हे. तो दिवसभर माझ्या उशाशी बसून तोंडाकडे बघत राहायचा, आणि मला कण्हताही यायचं नाही. आता तळघरात जातो. खालून बरण्यांचा आवाज येतो तोवर मी मोकळेपणी रडून घेते.

पण बिअर तयार झाली की तो पेला घेऊन वर येईल. तो पेला माझ्या ओठांपाशी आलेला मला बघवणार नाही, आणि त्याला तर नाहीच. तुमचं तो ऐकतो. त्याला थांबायला सांगा. एवढं माझ्यासाठी करा, आणि हे आपल्या दोघींतच राहू द्या.

तुमची,
जर्मेन

टूसॉन
१६ ऑगस्ट

चि. नॉर्बर्टास,
अ. उ. आ.

काल फोनवर बुडबुडे थांबले म्हणालास, पण त्यावर जाऊ नकोस. गर तळाशी बसला की आतल्या आत आंबत राहतो. आत्ता बाटल्या भरल्यास तर फुटतील. आई कर्मिसच्या तोंडावरच भरायची. तूही थांब. रोज जाऊन बुचापाशी वास घे, बरणी गार ठेव, पण उघडू नकोस. जर्मेनला चांगली मिळू दे, अर्धीकच्ची नको.

तुझी,
क्लॅरिस

ब्रसेल्स
१४ सप्टेंबर

क्लॅरिसताईस,

जर्मेन गेली ते फोनवर कळलंच. दफनाला तू आली नाहीस, त्याचं काही नाही.

काल शेजारचा एल्मर आला. मी बरणी उघडली. त्याने उरलेली साखर मोजायची नळी बुडवून पाहिली आणि म्हणाला, अरे, ही केव्हाच तयार होती, कशासाठी थांबलास? मी म्हणालो, ताई थांब म्हणाली. त्याने पेला भरून उजेडात धरला. रंग इतका नितळ, की पेल्याआडून खिडकी दिसत होती. आईलाही अशी जमली नसेल.

ताई, ती वर पडून होती आणि मी खाली वास घेत बसलो होतो. एक घोट, गं. एक घोट तरी तिच्या तोंडात गेला असता. एवढंच तिने मागितलं होतं, आणि तुला आईची रीत सांभाळायची होती. एल्मर बरणी जत्रेला घेऊन गेला. मी गेलो नाही.

लोभ असावा असं या वेळी लिहवत नाही.

नॉर्बर्ट

टूसॉन
२० सप्टेंबर

चि. नॉर्बर्टास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. पुन्हा पुन्हा वाचलं.

तुझं खरं आहे. बिअर तयार होती आणि मी तुला उगीच थांबवलं. इतक्या लांबून मला काय कळणार होतं? तुझी काहीच चूक नाही; तुझ्या हाताने तर उत्तमच केली होतीस. दोष द्यायचा तर मलाच दे.

उत्तर नाही आलं तरी मी लिहीत राहीन. न वाचता ठेवलंस तरी चालेल. दुपारचं मात्र जेवत जा.

तुझी,
क्लॅरिस