आठ मात्रांची जागा

मुकुंदवाडी,
५ जानेवारी २०२५

ती. आबांना करुणाचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि माझं मराठी अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, तरी पत्रच लिहिते. देवगाव रंगारीला एसटी दोन तासांत पोहोचते, पत्राला चार दिवस लागतात. म्हणून उत्तराला उशीर करू नका.

इंटरनॅशनल स्कूलमध्ये जाऊन पोरगी बारावीला संगीत शिकते, हे कळल्यावर तुम्ही हसला होतात. आता ऐका. परीक्षेसाठी आपल्या भागातलं एक गाणं स्वरलिपीत उतरवायचं आणि वर्गाकडून बसवून सभागृहात सादर करायचं आहे. मी तुमचं घेतलं, शाळेत निघालेल्या पोरीचं. पप्पांच्या मोबाईलमध्ये जयंतीच्या कार्यक्रमाचा जुना व्हिडिओ होता, तो शंभर वेळा ऐकून लिहिलं. ‘दप्तर पाठीवर, मान तिची वर, सांगा हो कुणाची ही पोर?’ एवढं विचारून तुम्ही गप्प राहता, नुसती ढोलकी वाजते. तिथं मी आठ मात्रांच्या विरामाची खूण घातली. आमच्या ताहेरा मॅडम म्हणाल्या की एवढी धाडसी शांतता त्यांनी क्वचित ऐकली आहे. वर्गानं टाळ्या वाजवल्या, मी तुमच्या नावावर मिरवून घेतलं.

मात्रा आठच ना, तेवढं कळवा. तीस तारखेला वही द्यायची आहे, आठ फेब्रुवारीला सभागृहात कार्यक्रम. गुडघ्याला तेल लावत जा. माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.

तुमची,
करुणा


देवगाव रंगारी,
१० जानेवारी

चि. करुणास आबाचा जयभीम व अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कोंबडी तुझ्यापेक्षा बरं लिहिते, पण वाचता आलं.

धाडस कसलं बाई! ती शांतता नाही, ती तुझ्या आजीची जागा आहे. मी विचारायचो कुणाची ही पोर, आणि मनकर्णा मागून उत्तर द्यायची, ‘पोर आमची, पोर आमची’. ती गेल्यापासून मी ती जागा मोकळी ठेवली. अकरा वर्षं झाली. खुलताबादच्या कार्यक्रमात कोरसमधल्या शिवमनं एकदा हौसेनं ती ओळ उचलली, तर मी पेटी बंद करून स्टेजवरून उतरलो. लोक म्हणाले, कडुबाचं डोकं फिरलं. फिरलंच होतं.

तेव्हा मात्रा आठच, आणि त्या रिकाम्याच ठेव. मला ह्या गोष्टीचा लई त्रास होतो. पुन्हा विचारू नको.

संघपालला म्हणावं, बापाला महिन्यातून एकदा तोंड दाखव. तुझ्यावर राग नाही.

तुझा,
आबा


मुकुंदवाडी,
१५ जानेवारी

ती. आबांना सविनय जयभीम.

पुन्हा विचारू नको म्हणालात, तरी विचारते. हट्ट तुमच्याकडूनच आलाय, तक्रार करायची सोय नाही.

तुमचं पत्र वाचून मला माझीच लाज वाटली. आजीच्या जागेवर मी खूण घातली आणि टाळ्या घेतल्या. आबा, आजी गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. तिची लुगडी आठवतात, तंबाखूचा वास आठवतो, आवाज आठवत नाही. खूप प्रयत्न केला, नाहीच आठवत. पप्पांनाही ती ओळ धड गाता येत नाही. तुमच्यामागे ती कुणालाच येणार नाही. तुम्ही विचारत राहाल कुणाची ही पोर, आणि पोर समोर असून गप्प बसेल. हे मला सहन होत नाही.

ती ओळ मला द्या. मी एकटीच गाईन, दुसऱ्या कुणाला देणार नाही. नाही म्हणालात तर जागा रिकामी राहील आणि मॅडमना सांगेन की ही शांतता माझी नाही. त्यावर मी रुसणार नाही. थोडीशी रुसेन.

वाट बघते. तुमच्या शब्दाबाहेर नसलेली,
करुणा


देवगाव रंगारी,
२१ जानेवारी

चि. करुणास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोन दिवस उशाखाली ठेवलं. मग पेटी काढली.

मला तर आता पेटीसुद्धा ऐकू येत नाही. म्हणून शेजारच्या भागूबाईला समोर बसवलं. तिनं मनकर्णाचं गाणं उभा जन्म ऐकलेलं. मी बोटं ठेवायची आणि तिनं मान हलवायची. पहिल्यांदा तिनं तोंड असं केलं की मी पेटी मिटणारच होतो. नंतर बोटं आपोआप गेली आणि भागूबाई पदर तोंडाला लावून रडायला लागली, तेव्हा समजलो, बरोबर आलं.

लिहून घे. काळी एकचा सा. पहिली ‘पोर आमची’: काळी चार दोनदा, मग काळी पाच, मग वरची काळी एक. दुसरी त्याच वाटेनं खाली, काळी चारवर थांब. गळा दाबून गाऊ नको, अंगणातून हाक मारल्यासारखं गा.

आठ तारखेला येतो. मला पुढं बसव.

तुझ्यापुढं हरलेला,
आबा


मुकुंदवाडी,
९ फेब्रुवारी

ती. आबांना सविनय जयभीम.

तुम्ही पहिल्या रांगेत होतात, आणि गाणं संपून मी खाली उतरले तर खुर्ची रिकामी. पप्पा म्हणाले की तुम्ही पाचची एसटी गाठली. न भेटता? मी रात्रभर रडले.

मला माहीत आहे काय झालं. मी घाबरले आणि ओळ आधीच उचलली, पुरी अर्धी मात्रा आधी. ढोलकीवर वर्गातला जुनेद होता, त्यानं सावरून घेतलं. मॅडम म्हणाल्या की त्या चुकीबद्दल माझे गुण कापावे लागतील. गुणांचं जाऊ द्या. अकरा वर्षं जपलेली जागा तुम्ही मला दिली आणि मी ती बिघडवली. शिवमच्या वेळी उतरलात तसे माझ्या वेळीही उठून गेलात. रागवा, पण लिहा.

क्षमेची वाट बघणारी,
करुणा


देवगाव रंगारी,
१४ फेब्रुवारी

चि. करुणास जयभीम व लई लई आशीर्वाद.

वेडे, रागावून नाही गेलो. तुझ्या शाळेतल्या त्या इस्त्रीच्या माणसांसमोर हुंदके द्यायची लाज वाटली, म्हणून उठलो. एसटीत मात्र कन्नडच्या एका अनोळखी मास्तरच्या खांद्यावर मनसोक्त रडलो. भला माणूस, त्यानं काही विचारलं नाही.

आता नीट वाच. तुझी आजी त्या जागेवर कायम अर्धी मात्रा आधी यायची. तीस वर्षं मी तिच्याशी त्यावरून भांडलो. ती म्हणायची, कुणाची पोर म्हणून विचारल्यावर आईनं काय मात्रा मोजत बसायचं? हे मी तुला लिहिलं नव्हतं. संघपालला ठाऊक नाही, भागूबाईला ताल कळत नाही.

मला त्या दिवशी काहीच ऐकू आलं नाही, करुणा. जुनेदच्या हाताकडं बघून मांडीवर ठेका धरून बसलो होतो. तुझं तोंड उघडलं तेव्हा माझा हात अजून खाली यायचा होता.

तुझा,
आबा