फुलं कोण खातं

धारूर
३ सप्टेंबर २०२४

चि. रुद्राणीस आईचे अनेक उत्तम आशीर्वाद. अप्पांचेही आहेत, पण त्यांना न विचारता लिहितेय.

इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून तेही लिहिलं. आता खरं लिहिते. तुझा फोन आला की अप्पा शेजारी येऊन बसतात आणि स्पीकर लावायला सांगतात. त्यांच्याबद्दल त्यांच्यासमोर काय बोलणार? म्हणून पत्र.

केदारनाथ काका कॅन्सरने गेले तेव्हापासून अप्पांना भाजीचं भय बसलंय, हे तुला माहीत आहे. आता ते फारच वाढलंय. बाजारातली काडीही घरात येत नाही. आष्टीचा आदिनाथ म्हणून एकजण जीपमधून सेंद्रिय माल आणतो, तेवढाच शिजतो. स्वतःचं किराणा दुकान असून घरची डाळ दुसऱ्याकडून घेणारा धारूरमधला हा पहिलाच दुकानदार. मी असं म्हटलं की रागावतात.

एवढं जपूनही श्रावणापासून तब्येत उतरत चाललीय. सकाळी पूजा आटोपून दुकान उघडायला जातात आणि पोटात मुरडा येतो, तोंडाला पाणी सुटतं, सदरा घामाने भिजतो. दुपारनंतर जरा उतार पडतो. डॉक्टर पित्त म्हणतात. अप्पा म्हणतात, विष. तेही इतक्या शांतपणे म्हणतात की मला रात्री झोप लागत नाही.

पुण्याला ये-जा करणाऱ्या रविबरोबर खोकं पाठवलंय. मेथीची जुडी, गूळ, तूरडाळ, सगळं आदिनाथचं. अन्नातलं विष शोधायचीच तुझी नोकरी आहे, तर आता बापाचं शोध. मेथीवर ओल्या फडक्यात माझ्या बागेतली फुलं आणि बेल ठेवलाय, तुझ्या नावाने आधी काढून ठेवलेला. देवाला वाहणार नाहीस, हे ठाऊक आहे. निदान टेबलावर ठेव.

बागेचं तू विचारणार नाहीस, म्हणून मीच सांगते. श्रावणात जास्वंदीवर पांढरी कीड चढली होती, गुलाबाच्या कळ्याही गळत होत्या. दुकानात येणाऱ्या धुळाजीने उपाय दिला आणि आता तेलाच्या डब्यांतली झाडंसुद्धा अशी फुललीत की गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. एक किडा दिसत नाही. अप्पांच्या पूजेला रोज परडी भरते.

आठवण काढतेस तेवढी पुरे आहे. थोडी जास्त काढलीस तरी आम्ही तक्रार करणार नाही.

तुझी
आई


पुणे
१० सप्टेंबर २०२४

ती. सौ. आईस रुद्राणीचा सा. न. वि. वि.

खोकं मिळालं. आमच्याकडे घरगुती नमुने घेत नाहीत. मॅडमची परवानगी काढून शिकाऊ मुलांच्या सरावात हे तीन बसवले.

गूळ आणि तूरडाळ यांत काही सापडलं नाही. मेथीत मोनोक्रोटोफॉस नावाचं कीटकनाशक सापडलं. ते कापसावर मारतात, भाजीवर मारायला परवानगी नाही. मेथीत ते मर्यादेच्या बरंच वर आहे. आदिनाथ पिशवीवर काय छापतो ते त्याचं तो जाणे, ही मेथी सेंद्रिय नाही. ती बंद करा.

तू लिहिलेली लक्षणं या औषधाच्या लक्षणांशी जुळतात, म्हणून विचारते. अप्पा मेथी रोज खातात का? आणि सकाळी त्रास होण्याआधी पोटात नेमकं काय गेलेलं असतं? आठवून नाही, पाहून लिही.

फुलं टेबलावर ठेवली होती. दोन मैत्रिणींनी गुलाबाचा फोटो काढला, तेव्हा तुझी बाग पुण्यात पोहोचली म्हणायला हरकत नाही. नंतर पुडा आणि उरलेली मेथी फ्रीजरमध्ये ठेवली. नमुन्याच्या खोक्यातलं काही फेकायचं नाही, ही इथली सवय आहे.

रागावण्यासारखं काही लिहिलं असेल तर माझ्या लिहिण्याच्या पद्धतीवर घाल, माझ्यावर नको.

तुझी
रुद्राणी


धारूर
२३ सप्टेंबर २०२४

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

हे पत्र शेजारच्या चंद्रभागाबाईंच्या ओट्यावर बसून लिहितेय. उत्तरही त्यांच्याच पत्त्यावर पाठव. घरी पाठवू नकोस.

तुझं पत्र अप्पांनी वाचलं आणि आदिनाथला भर बाजारात धरलं. तो पोरांची शपथ घेऊन म्हणाला, शेठ, माझ्या रानात एक थेंब न्हाई, या आणि माती हुंगून बघा. अप्पांनी ऐकलं नाही. त्या दिवसापासून पालेभाजी बंद.

मग तुझी आतेबहीण ईश्वरी हिच्या बाळाच्या नामकरणाला ते गेवराईला गेले. तुझ्या आत्याकडे चार दिवस राहिले. तिथे सेंद्रिय कुठलं, पंगतीत जे वाढलं ते खाल्लं, हायवेवरची भजीसुद्धा खाल्ली. आले ते चेहऱ्यावर तकाकी घेऊन. मला वाटलं, सुटलो. घरी दोन दिवस झाले आणि पुन्हा तेच. घाम, मुरडा, आता तर डाव्या डोळ्याची पापणी फडफडते आणि हातातलं माप थरथरतं.

त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे जे पाहिलं, ते कसं लिहू? म्हणाले, बाहेरचं काहीबी खाल्लं तरी मला बाधत नाही, घरचंच बाधतंय, कावून? मी म्हटलं, मला कसं ठाऊक. ते म्हणाले, तुला न्हाई तर कुणाला?

दुसऱ्या दिवसापासून दुकानामागे स्टोव्ह लावून स्वतःची खिचडी स्वतः करतात. पाणी विकतच्या बाटलीचं. तरी त्रास थांबला नाही. आता त्यांना वाटतं, मी तिथवरही पोहोचते. काल मिठाचा डबा हुंगताना पाहिलं मी त्यांना. मला पाहून झाकण लावलं.

तू विचारलं होतंस म्हणून पाहिलं. मेथी आठवड्यातून एकदाच व्हायची. सकाळी त्यांच्या पोटात अन्न म्हणून काहीच जात नाही. आंघोळ, इष्टलिंगाची पूजा, तीर्थ, की दुकान. पूजा तेवढी त्यांनी सोडली नाही. फुलं-बेल वाहून झाला की लिंगावरून उतरलेलं पाणी वाटीत धरतात, वाटी पूर्ण रिकामी करतात आणि बेलाचं पान चावून खातात. गेवराईला म्हणे पूजेला एक फूल मिळेना, नुसत्या पाण्यावर भागवलं. माझ्या हातचं त्यांच्यापर्यंत पोहोचतं ते आता एवढंच, म्हणून मी पहिल्यापेक्षा जास्त फुलं तोडते. परडी शिगोशीग भरते.

चंद्रभागाबाई म्हणतात, वैनी, ही करणी हाय, लई घरं बसलीत असल्यानं. करणीला मी भीत नाही. मला भीती याची आहे की त्यांना काही झालं, तर माझ्यावर संशय घेऊनच ते डोळे मिटतील.

माझं विचारशील तर चष्म्याचा नंबर वाढलाय वाटतं. सकाळी गच्चीवरून खाली आलं की सगळं धूसर दिसतं.

लवकर लिही. माया आहे तशी राहू दे, इथे तीच पातळ व्हायला लागलीय.

तुझी
आई


पुणे
२७ सप्टेंबर २०२४

ती. अप्पांस रुद्राणीचा सा. न. वि. वि.

हे पत्र चोरून पाठवत नाही. रवि आज दुपारी निघतोय, त्याला सांगितलंय की बीडच्या दवाखान्यात ते तुमच्याच हातात द्यायचं. मी परवा पोहोचते. समोर आल्यावर मला इतकं नीट बोलता येणार नाही, म्हणून आधी लिहिते.

दोघांनी ताबडतोब बीडच्या दवाखान्यात जा, असं आज सकाळी मी फोनवर ओरडले. तुम्ही दोघांनीही माझा असा आवाज पूर्वी ऐकलेला नाही. तो राग नव्हता.

आईने सकाळचा क्रम लिहून कळवला. तो वाचला आणि फ्रीजर उघडला. मेथीची मी पहिली तपासणी केली तेव्हा जुडीच्या वरची पानं घेतली होती. ती माझी चूक. या वेळी तळाची पानं घेतली. त्यांत काही सापडलं नाही. औषध फक्त वरच्या पानांत होतं, जिथे फुलांचं ओलं फडकं टेकलं होतं. मग फुलं आणि बेल तपासला. त्यांतलं प्रमाण मेथीच्या कितीतरी पट आहे. हे औषध पाण्यात सहज विरघळतं. मुळाशी घातलं तर पानात आणि फुलात चढतं, धुऊन जात नाही. आदिनाथ खरं बोलत होता. त्याची माफी मागायची आहे, ती मी मागेन.

फोनवर मी आईला विचारलं, झाडांवर काय मारतेस? ती म्हणाली, धुळाजीने कापसाच्या फवारणीतलं उरलेलं दिलं होतं, दर रविवारी बादलीत कालवून शिंपते. पुढे म्हणाली, भाजीला मी ते लागू दिलं नसतं, पण फुलं कोण खातं?

अप्पा, तुम्ही खाता. रोज, उपाशीपोटी, वाटीभर.

फुलं ओंजळीत असताना ती फक्त देवाची असतात. पाणी वाटीत आलं की ते तीर्थ होतं. या दोन गोष्टींच्या मध्ये ते अन्न होतं, हे आपल्या घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही. घरातला प्रत्येक दाणा तपासून घेणाऱ्या तुमच्याही नाही.

आता एक वाक्य नीट वाचा. आईला हे माहीत नव्हतं. मुलगी म्हणून मी हे म्हणत नाही. जिला विष घालायचं असतं, ती तेच विष फडक्यात बांधून तपासणाऱ्याकडे पाठवत नाही.

डॉक्टरांना औषधाचं नाव सांगितलंय. ते दोघांचंही रक्त घेतील. आईचंही घ्यायलाच हवं. ती उघड्या हातांनी शिंपते आणि त्याच हातांनी फुलं तोडते. तिचा चष्म्याचा नंबर वाढलेला नाही.

मी येईपर्यंत दोघांनी एकमेकांशी बोलत राहावं, इतकीच विनंती आहे.

आपली
रुद्राणी


धारूर
१४ ऑक्टोबर २०२४

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

तू गेल्यावर चार दिवसांनी आम्हाला घरी सोडलं. डॉक्टर म्हणाले, अजून महिनाभर उशीर झाला असता तर कसलीच खात्री देता आली नसती. अप्पांचं आणि माझं रक्त हळूहळू सुधारतंय. माझे डोळे निवळले.

तू सांगितलंस तसं हातमोजे घालून सगळी झाडं उपटली, माती पोत्यांत भरून वेगळी ठेवली, औषधाची बाटली कुलपात ठेवली. गच्चीवर आता नुसते तेलाचे डबे आहेत. दसऱ्याला दुकानाला तोरण बाजारातल्या झेंडूचं लावलं, आणि तेही अप्पांनी हात न लावता नोकराकडून. धुळाजी येऊन दारातच उभा राहिला. म्हणत होता, वैनी, मी म्हणलं होतं ना, लई जालीम हाय, जपून. खरंच म्हणाला होता. मी हात धुतले होते, जपणं म्हणजे तेवढंच वाटलं मला.

तुझं पत्र अप्पांनी खाटेवर बसून वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. अजून खिशातच आहे, सदरा बदलला की तेही बदलतं. स्टोव्ह त्यांनी स्वतःच उचलून माळ्यावर टाकला. मी शिजवलेलं खातात. पण आता मला वाढवत नाही, रुद्राणी. भाकरी थापते, भाजी करते, आणि आधी स्वतः खाऊन घड्याळाकडे बघत बसते. मला काही झालं नाही की मग त्यांचं ताट करते. त्यांनी हे पाहिलंय.

पूजा नुसत्या पाण्याने चाललीय. ओंजळ रिकामी असते त्यांची. मला तिकडे बघवत नाही.

चंद्रभागाबाईंच्या भिंतीवरून आपल्या गच्चीवर गोकर्णीचा वेल उतरलाय. त्याचं मूळ त्यांच्या अंगणात. त्याला मी कधी पाणीसुद्धा घातलं नाही, औषध तर दूरच. पण आता माझ्या शब्दावर माझाच विश्वास नाही. फुलं रविबरोबर पाठवलीत, कोरड्या कागदात, वेगळ्या पिशवीत. तू सांगशील ते खरं.

तब्येत सांभाळ. तू जपून राहिलीस की आम्हाला निम्मं बरं वाटतं.

तुझी
आई


पुणे
१९ ऑक्टोबर २०२४

ती. सौ. आईस सा. न. वि. वि.

गोकर्णीत काही सापडलं नाही. दोनदा तपासली, दुसऱ्यांदा मॅडमकडून.

सापडलं नाही याचा अर्थ आमच्या यंत्राला दिसेल इतकं नाही, असा आहे. अजिबात नाही असं मी लिहीत नाही, कारण तसं कुणालाच लिहिता येत नाही. पण तू लिहिलेलं खरं निघालं, एवढं मात्र लिहिता येतं.

आई, आधी खाऊन घड्याळ बघणं बंद कर. ती तपासणी नाही. हे औषध असं अर्ध्या तासात ओळखू येत असतं, तर आपल्याला दोन महिने लागले नसते. अप्पांबरोबर जेवायला बस. दिवाळीला मी येते आहे, तेव्हा माझंही ताट त्याच वेळी वाढ.

मला तुमची काळजी वाटते. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं, आता ठेवते.

तुझी
रुद्राणी


धारूर
२४ ऑक्टोबर २०२४

चि. रुद्राणीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी लपवलं नाही, समोर ठेवलं. अप्पांनी मोठ्याने वाचलं. सापडलं नाही आणि अजिबात नाही, तिथे थांबले. पुन्हा वाचलं. म्हणाले, पोरगी वकील व्हायला पाहिजे होती. बऱ्याच दिवसांनी घरात हसणं ऐकू आलं, थोडंसंच.

आज सकाळी आंघोळ करून ते स्वतः गच्चीवर गेले. एवढ्या वर्षांत फुलं तोडायला ते कधी गेले नाहीत. रिकाम्या डब्यांमधून वाट काढत भिंतीपाशी पोहोचले आणि गोकर्णीचं एक फूल घेऊन खाली आले. एकच. तळहातावर माझ्यापुढे धरून विचारलं, याला काही मारलं होतं का? मी नाही म्हटलं. माझा आवाज मलाच खोटा वाटला. मग ते पूजेला बसले.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. फूल वाहिलं, पाणी सोडलं, वाटी भरली. रोज डोळे मिटून तोंडाला लावतात. आज लावली नाही. उठून माझ्यापाशी आले आणि वाटी माझ्यापुढे धरली.

आधी तुला म्हणून मान दिला, की आधी तू म्हणून खात्री करून घेतली, मला कळलं नाही. चेहऱ्यावरून ओळखता येईना. तीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदा ओळखता आलं नाही. विचारायचं धाडसही झालं नाही.

मी अर्धी वाटी प्यायले. नजर घड्याळाकडे गेली होती, ती परत आणली.

वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी माझ्यासमोर, उभ्याउभ्याच, उरलेलं सगळं पिऊन टाकलं आणि दुकान उघडायला गेले.

आता अकरा वाजलेत. ते गल्ल्यावर बसलेत, इथून पाठ दिसते. सदरा कोरडा आहे.

दिवाळीला येताना रोपं आणू नकोस, बी आण. मातीसकट मला सगळं पहिल्यापासून करायचंय.

तुझी
आई